नऊ ताटे आणि एक यंत्र

नगरच्या आडते बाजारात तीन पिढ्यांपासून डाळीची पेढी चालविणाऱ्या एका ओसवाल कुटुंबात गेल्या वर्षी डिशवॉशर आला. तो घेण्याचा निर्णय होण्यास सात महिने लागले. याच कुटुंबाने त्यापूर्वी पेढीसाठी टेम्पो घेतला, तेव्हा विचारविनिमय अकरा दिवसांत आटोपला होता. यावरून कोणी हसेल. परंतु टेम्पो पेढीच्या दारात उभा राहतो आणि डिशवॉशर स्वयंपाकघरात, हा फरक ज्यांच्या घरी एकत्र चूल आहे त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

बावीस वर्षे या घराची भांडी घासणाऱ्या मावशींचे गुडघे थकले आणि त्या मुलाकडे चाकणला राहावयास गेल्या. त्यांच्यानंतर चार बायका आल्या आणि गेल्या. घरात माणसे नऊ, जेवणे दोन वेळची, रविवारी दाल-बाटी, आणि वर घराची अट अशी की खरकटे भांडे एका सामायिकाएवढ्या वेळेपेक्षा, म्हणजे ४८ मिनिटांपेक्षा अधिक पडून राहता कामा नये. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला, असे दोनदा नेमक्या वेळेवर येणे बाहेरच्या बाईला जमणारे नव्हते. थंडीच्या दिवसांत तर चोविहारासाठी पुरुषमंडळी साडेपाचलाच पेढीवरून घरी येतात, दोन पंगतींत जेवतात आणि परत पेढीवर जातात. त्यानंतर दोन्ही सुना मोरीशी. थोरलीच्या हातांना साबणाने भेगा पडल्या. धाकटी पेढीचे जीएसटीचे काम घरून पाहते; ते रात्री दहानंतर सुरू होऊ लागले. पाळ्या ठरल्या, पाळ्या मोडल्या, आणि एका दुपारी ‘स्वयंपाकघर वेगळे केले तर’ असे अर्धे वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघाले. ते घरातल्या ज्येष्ठ सासूबाईंच्या कानांवर गेले. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, वय अठ्ठ्याहत्तर. यंत्राला बाईंचा विरोध असेल असे सर्वांनी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “यंत्र आणा. पण खरकटं पडून राहता कामा नये, एवढं बघा.”

ही अट डिशवॉशरच्या मुळावरच येणारी होती. भांडी दिवसभर साठवावीत आणि यंत्र पुरते भरले की रात्री एकदा चालवावे, अशी त्या यंत्राची मूळ रीत आहे. आपल्याकडे उष्ट्या ताटात मुहूर्तभरानंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती मानली जाते, आणि ताट धुऊन पिण्याची चाल त्याच जाणिवेतून आलेली आहे. हा पेच महाराजसाहेबांपुढे ठेवावा असे घरातल्या एका तरुणाने सुचविले. बाईंनी त्याला तिथेच थांबविले. साधू-साध्वी घरगुती आरंभाला अनुमती देत नाहीत. त्यांना असे विचारणे म्हणजे त्यांच्या व्रताला अडचणीत आणणे. श्रावकाने आपले घर आपण पाहावे, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते.

या यंत्राचा आणि जैन समाजाचा एक जुना, नकळत झालेला शेजार आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन यांनी २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. तारेच्या कप्प्यांत उभ्या ठेवलेल्या बश्यांवर गरम साबणपाण्याचे फवारे मारणारे ते यंत्र १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडले गेले. त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून बोलले. कॉक्रेनबाईंची यंत्रे प्रथम विकली गेली ती हॉटेलांना आणि उपाहारगृहांना. घरोघरी ती पोहोचावयास कित्येक दशके लागली; कारण त्या काळच्या सामान्य घरात यंत्राला पुरेल इतके गरम पाणीच नसे. यंत्र उत्तम, पण घराचे पाणी त्याला साजेसे नाही, ही अडचण तेव्हाची आहे, आणि नगरच्या या घरीही नेमकी तीच पुढे आली.

सुरुवात मात्र सर्वांप्रमाणे कंपन्यांच्या नावांपासून झाली. धाकट्या सुनेने वहीत रकाने आखले. बॉश आणि सीमेन्स ही दोन नावे दुकानात स्वतंत्र मांडलेली असतात, तरी या दोन्ही नावांची घरगुती यंत्रे जर्मनीतील एकाच समूहाची आहेत, त्यामुळे त्यांची आपसांत तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. आयएफबी ही मूळची कोलकात्याची कंपनी. भारतात घरगुती डिशवॉशर रुजविण्याचा प्रयत्न तिने बराच आधीपासून केला, आणि यंत्राला लागणारे मीठ व पावडरही ती स्वतःच्या नावाने विकते. एलजी ही कोरियन कंपनी. मोटरीच्या रचनेवर आणि चार दिशांनी येणाऱ्या फवाऱ्यावर तिचा भर. व्होल्टास बेको म्हणजे टाटांची व्होल्टास आणि तुर्कस्तानची आर्चेलिक यांची भागीदारी. फेबर, एलिका ही नावे चिमणीमुळे परिचित. बॉशने भारतासाठी ‘कढई’ या नावाचा, ७० अंश तापमानाचा कार्यक्रम दिला आहे. इतरांकडेही जड भांड्यांसाठी तशाच तापमानाचे कार्यक्रम असतात, नावे निराळी.

रकाने भरत गेले तसतसे सगळे सारखेच दिसू लागले. पोलादी पोकळी, दोन जाळ्या, फिरते फवारे, तळाशी गाळणी, पाणी तापविणारा हीटर, पाणी मृदू करणारा कप्पा. यंत्र तळाशी थोडेसे पाणी घेते, पंपाने तेच पुन्हा पुन्हा भांड्यांवर फिरविते, गाळते, बाहेर टाकते आणि नवे घेते. म्हणून एका पूर्ण धुण्याला कार्यक्रमानुसार साधारण ९ ते १४ लिटर पाणी पुरते. मध्यम किमतीच्या यंत्रांत या मूळ रचनेत फार तफावत नसते. तेव्हा ‘कोणती कंपनी चांगली’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आपल्या घरात कोणते यंत्र चालेल’ असा प्रश्न घरातल्यांनी घेतला. माल कोणता उत्तम यापेक्षा कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल लागतो हे डाळीचा व्यापारी रोजच पाहतो. स्वयंपाकघरात ते सुचायला महिना गेला, इतकेच.

पहिली कसोटी थोरल्या सुनेने लावली, आणि ती सर्वांत उपयोगी ठरली. तिने एका मोठ्या पिशवीत घरातले ताट, वाटी, गडवा, पाच लिटरचा कुकर, दाल-बाटीची परात आणि एक लांब दांड्याची पळी भरली आणि सावेडीतल्या दुकानात ती पिशवी उघडली. यंत्रावर लिहिलेले ‘१२ प्लेस सेटिंग’, ‘१३ प्लेस सेटिंग’ हे आकडे युरोपीय जेवणाच्या मांडणीवरून आलेले असतात. एका माणसाची मोठी बशी, खोल बशी, लहान बशी, पेला, कप, बशी आणि काटे-चमचे असा तो हिशोब. त्यात ताट नाही, कढई नाही, कुकर तर नाहीच. घरातली काठाची ताटे विलायती बशीपेक्षा मोठी निघाली. एका यंत्रात ती खालच्या जाळीत उभी केली की वरच्या फवाऱ्याच्या पात्याला अडत होती. पाते अडले म्हणजे वरची अर्धी भांडी कोरडीच राहणार. वरची जाळी उचलून बसविता येते का आणि खालच्या जाळीचे दात आडवे पाडता येतात का, या दोन गोष्टी तिथे हाताने पाहून घेतल्या. नऊ माणसांच्या आपल्या घराला तेरा-चौदा सेटिंगचे यंत्रही एका वेळच्या जेवणापुरतेच पुरते, हेही त्या दुकानातच कळले.

पिशवीतून काही वस्तू मात्र यंत्राबाहेरच राहिल्या. ॲल्युमिनियमची भांडी या पावडरीच्या क्षारांनी काळवंडतात. लोखंडी तवा गंजतो, कल्हईची आणि पितळेची भांडी खराब होतात, पोळपाट-लाटणे पाणी पिऊन तडकते. पूजेची चांदी स्टीलबरोबर एकत्र घालू नये. कुकर स्टीलचा असेल तर चालतो, पण शिट्टी व रबर काढूनच. याचा अर्थ मोरी बंद होत नाही. तिच्यातले काम चतुर्थांशावर येते. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाहीत.

दुसरी कसोटी पाण्याची. नगर शहराला मुळा धरणाचे पाणी येते, पण रोज येत नाही, म्हणून घरोघरी बोअरही असतात. कागदी पट्टी बुडवून पाहिले तेव्हा नळाच्या पाण्याची कठीणता लिटरला सुमारे १६० मिलिग्रॅम आली, बोअरची ५२०. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात २०० ही इष्ट आणि ६०० ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे बोअरचे पाणीही कायद्याच्या हिशोबात बसत होते, तरी यंत्राला ते त्रासाचेच. कठीण पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम तापल्यावर हीटरवर आणि भांड्यांवर पांढरा थर धरतात. यासाठी यंत्राच्या तळाशी राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. ते मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि मोबदल्यात सोडियम देतात. मणी भरले की मिठाचे पाणी त्यांना पुन्हा ताजे करते. त्यासाठी जाड, शुद्ध, खास या कामाचेच मीठ घालावे. खाण्याच्या बारीक मिठात ते मोकळे राहावे म्हणून जी द्रव्ये मिसळलेली असतात, ती कप्पा चोंदवितात. मिठावर वाचवलेले पैसे पुढे हीटरवर जातात.

यंत्रावर पाण्याची कठीणता बहुधा जर्मन अंशांत भरावी लागते. एक अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम, त्या हिशोबाने नळाचे पाणी ९ अंश, बोअरचे २९. दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळत असेल तर कोणता आकडा भरणार? या घरात सुदैवाने दोन टाक्या होत्या. नळाच्या पाण्याच्या टाकीतून स्वयंपाकघरापर्यंत स्वतंत्र नळी आणण्याचे ठरले. बाईंचा नळाला गाळणे बांधण्याचा नेम आहे. यंत्राच्या नळीच्या तोंडाशी असणारी बारीक जाळी ही वाळू अडविण्यापुरती असते, ती गाळण्याची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा टाकीत पाणी पडते त्या तोंडाशीच दुपदरी गाळणे बांधावे आणि जिवाणी बाई स्वतः पाहतील, असा मार्ग त्यांनीच काढला. गरम पाणी मोरीत ओतू नये हा त्यांचा दुसरा नेम आहे. त्यावर मात्र कोणालाच उत्तर सापडले नाही. यंत्र मधले पाणी गरम असतानाच सोडते. कमी तापमानाचा कार्यक्रम नेहमीसाठी आणि ७० अंशांचा केवळ तुपकट भांड्यांसाठी, एवढी मर्यादा घालून तो विषय ठेवला गेला.

पाण्याच्या दाबाचा विचार तर बहुतेक घरांत यंत्र बसविल्यानंतरच होतो. साधारण दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ एक बार दाब देतो. पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत किमान दाब अर्ध्या बारच्या आसपास मागितलेला असतो, म्हणजे टाकी नळाच्या पाच मीटर वर हवी. या घराचे स्वयंपाकघर सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीतली टाकी जेमतेम तीन मीटर उंच. असे यंत्र पाणी घेण्यातच वेळ घालविते, मध्येच थांबते आणि चूक दाखविते. मग घरचे लोक कंपनीला दोष देतात. लहान प्रेशर पंप बसविला की प्रश्न मिटतो. तळमजल्यावर राहणाऱ्याला या पंपाची गरजच नाही. एकाच यंत्राबद्दल दोन घरे परस्परविरुद्ध मते देतात त्याची पुष्कळशी कारणे अशी गच्चीत सापडतात.

राहिला विश्वासाचा प्रश्न. छापील हमीपत्रे वर्षागणिक बदलतात, म्हणून तीन यंत्रांची हमीपत्रे पेढीवर मागवून थोरल्या मुलाने ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. पण खरी परीक्षा त्याने दूरध्वनीवर घेतली. यंत्र विकत घेण्याआधीच त्याने तिन्ही कंपन्यांच्या सेवाकेंद्रांना विचारले: पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची किंमत किती, इलेक्ट्रॉनिक पट्टीची किंमत किती, आणि दोन्ही नगरमध्ये किती दिवसांत मिळतील? एकाने दोन्ही किमती त्याच दिवशी लेखी कळविल्या. दुसऱ्याने पंपाची सांगितली आणि पट्टीसाठी पुण्याहून माणूस येईल असे म्हटले. तिसऱ्याने यंत्र घेतल्यावर बोलू असे सुचविले. निर्णय तिथेच झाला. तो कोणत्या नावाचा झाला हे सांगून वाचकाचा लाभ नाही. लातुरात किंवा मालेगावात याच तिघांची उत्तरे उलट येऊ शकतील. हे तीन प्रश्न मात्र कोणत्याही गावात विचारता येतात.

पावडरीचाही विचार करावा लागला. या पावडरींत एन्झाइम असतात. ती पिठूळ आणि प्रथिनयुक्त खरकटे विरघळवितात. खाद्यपदार्थांवर असतो तसा हिरवा ठिपका अशा पाकिटावर सक्तीचा नाही. कारखान्यांत ही द्रव्ये बहुतांशी जीवाणूंच्या किण्वनातून तयार केली जातात, प्राण्यांपासून नव्हे. हे कळल्यावर घरात दोन मते राहिलीच. नित्याच्या धुण्याला पावडर निम्मी घालण्यावर समेट झाला, आणि ताटे आधीच धुऊन प्यायलेली असल्यामुळे निम्म्या पावडरीत काम भागते असे पुढे दिसूनही आले.

आणि ४८ मिनिटांचे काय? ते उत्तर यंत्राच्या सर्वांत दुर्लक्षित बटणात होते. बहुतेक यंत्रांत केवळ खळबळण्याचा एक लहान कार्यक्रम असतो. थंड पाणी, साबण नाही, पंधरा-वीस मिनिटे, चार-पाच लिटर पाणी. युरोपात तो भांडी साठवून ठेवणाऱ्यांसाठी दिलेला आहे, वास येऊ नये म्हणून. इथे तो पंगतीसाठी वापरला जातो. पहिली पंगत उठली की ताटे धुऊन पिऊन जाळीत, खळबळण्याचे बटण. दुसरी पंगत उठली की तिची ताटे आत, मग पूर्ण धुणे. यंत्राशेजारच्या फडताळावर बाईंनी आपले सामायिकाचे वाळूचे घड्याळ ठेवले आहे. पहिले ताट उठते तेव्हा त्या ते उलटे करतात. थंडीतही वाळू संपण्याआधी दुसरे बटण दाबले जाते, उन्हाळ्यात तर सवडीने.

खर्चाचा हिशोब धाकट्या सुनेने मांडला. यंत्र ४८,००० रुपये, नळजोडणी व पंप १२,०००. दहा वर्षांवर वाटले तर महिन्याला ५००. एका धुण्याला वीज साधारण एक युनिट. ती, पावडर, मीठ आणि चकाकीचे द्रव मिळून सुमारे ३२ रुपये. दिवसाला दोन धुणी, म्हणजे महिन्याला १,९२०. दुरुस्तीसाठी दरमहा १५० बाजूला. एकूण अडीच हजारांच्या थोडे वर. मावशींना शेवटी देत होते त्यापेक्षा हा आकडा फार कमी नाही, आणि पैसे वाचविण्यासाठी यंत्र घेतले असे या घरात कोणी म्हणतही नाही. पाणी मात्र वाचले. हाताने घासताना संध्याकाळच्या भांड्यांना त्यांनी मोजून पाहिले तेव्हा सहा बादल्या लागल्या होत्या. आता खळबळणे धरूनही एक बादली आणि वर थोडे.

नव्या व्यवस्थेत कामे संपली नाहीत, त्यांचे हात बदलले. वाट्या एकात एक बसवून ठेवल्या तर आतून तशाच बाहेर येतात, म्हणून जाळी लावण्याचे काम घरातल्या दोन मुलांकडे आले. ती पालथ्या वाट्यांची रांग चुरशीने लावतात. दाल-बाटीच्या दुसऱ्या दिवशी तळाची गाळणी काढली की तिच्यात थिजलेल्या तुपाचा पांढरा पदर सापडतो; ती गरम पाण्यात ब्रशने घासावी लागते, नाहीतर आठवडाभराने यंत्राला वास येऊ लागतो. हे काम थोरल्या मुलाने स्वतःकडे घेतले आहे. पेढीच्या घरात उंदीर असावयाचेच, आणि त्यांना मारावयाचे नाही. म्हणून यंत्राच्या पायाशी आणि मागच्या नळ्यांभोवती बारीक जाळी बसवून घेतली. विजेचा दाब चढउतार करतो, त्यासाठी स्वतंत्र जोडणी आणि नीट अर्थिंग करून घेतले.

दिवाळीच्या आधी मावशी चाकणहून चार दिवस आल्या होत्या. त्यांनी यंत्र उघडून पाहिले, एक वाटी उलटी करून तिच्या बुडाशी बोट फिरविले आणि काही बोलल्या नाहीत. बाईंनी त्यांच्यासमोर पाट ठेवला. दोघींनी मिळून चिंच-मिठाने पूजेचे पितळ घासले. ते यंत्रात जातच नाही.